फ्रीलान्स वकिलाला काम देताना

प्रश्न: मी न्यू जर्सीत एकटीच प्रॅक्टिस करते. ब्रीफ (कोर्टात द्यायचा लेखी युक्तिवाद) लिहायला फ्रीलान्स वकील घ्यायचाय. त्याला तासाला ६० डॉलर देऊन क्लायंटला १५० लावले तर चालेल का?

उत्तर: ताई, पैशाचं नंतर, आधी कॉन्फ्लिक्ट, म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष, बघा. हा माणूस चार ऑफिसांची कामं करतो, उद्या समोरच्या पार्टीचंच काम त्याच्याकडे निघालं तर केस तुमच्या गळ्यात येईल, म्हणून फाइल पाठवायच्या आधी नावं देऊन विचारा, आणि आख्खं फोल्डर शेअर करू नका हो, लागतील तेवढेच कागद द्या. अमेरिकन बार असोसिएशनचं २००० सालचं मत असं की वकिली फी म्हणून बिल केलं तर वर मार्जिन घेता येतं, फक्त एकूण रक्कम वाजवी हवी; पण तेच 'खर्च' म्हणून दाखवलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जेवढा खरा खर्च आणि त्याला थेट जोडलेला ओव्हरहेड (ऑफिस चालवायचा खर्च) तेवढंच. राज्याचे नियमही बघून घ्या. फ्रीलान्स वकील घेतलाय हे क्लायंटला मी तर सांगूनच टाकेन. आणि ड्राफ्ट आला की त्यातलं प्रत्येक सायटेशन (निकालाचा किंवा कायद्याचा संदर्भ) स्वतः उघडून वाचा, कोर्टात सही तुमची असते, तिथे 'त्याने लिहिलं होतं' म्हणून सुटका नाही.