हुपरीची भट्टी आणि लिमोझचा मीना

पत्र थोडक्यात असं: 'हुपरीत आमचा चांदीच्या पैंजणांचा धंदा. लेक कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय इतिहास. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या एका जुन्या मीनाकामाच्या पात्राचा फोटो तिनं पाहिला. काठावर अरबी अक्षरं, पण वस्तू चर्चमधली. तेव्हापासून 'मला हेच शिकायचंय' म्हणते. यात पोट भरेल का? की बी.एड.ला घालू?'

नमस्कार.

ते पात्र मी ओळखलं. फ्रान्समधल्या लिमोझ गावचं, साधारण सन १२००चं. 'लिमोझच्या उस्ताद जी. आल्पेनं मला घडवलं' असं त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय. मात्र लेकीला सांगा, काठावरची ती 'अरबी अक्षरं' वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. ती कूफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी लिपीच्या वळणाची नुसती नक्षी आहे. पूर्वेकडून आलेल्या कापडावर, भांड्यांवर ही वळणं युरोपातले कारागीर बघत. आवडली, उचलली.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. इटलीजवळच्या सिसिली बेटाचा राजा दुसरा रॉजर ख्रिस्ती, पण त्याच्या झग्याच्या काठावरचा कूफी मजकूर अस्सल अरबी. हिजरी ५२८, म्हणजे सन ११३३-३४मध्ये, पालेर्मोच्या शाही कारखान्यात झगा तयार झाल्याचं त्यात लिहिलंय. रेशमावर मोती, आणि सोन्यात बसवलेले मीन्याचे बारके तुकडे. तो आज व्हिएन्नात आहे. आणि स्पेनमधल्या ग्रानाडात तर १४९२पर्यंत मुस्लिम सत्ताच होती. तिथला मीना केलेला सोन्याचा गळ्यातला दागिना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याला 'इस्लामी प्रभाव' म्हणणं मला तोकडं वाटतं. ती कला युरोपच्याच मातीत वाढलेली.

कुठलं अक्षर खरं, कुठलं दिसायला खरं, आणि वस्तू कुठल्या हातची, हे ओळखणं म्हणजेच या क्षेत्रातलं काम. त्यासाठी अरबी लिपी वाचता यायला हवी आणि धातू कळायला हवा. लिपी कुणीही शिकेल. धातू तुमच्या घरात आहे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख अडचण असल्यासारखा केलाय!

लिमोझचे कारागीर तांब्याचा पत्रा कोरून खड्डे करायचे, त्यात काचेची रंगीत पूड, म्हणजेच मीना, भरून भट्टीत वितळवायचे, मग घासून सपाट करून उघड्या तांब्याला सोन्याचा मुलामा द्यायचे. ग्रानाडाच्या दागिन्यात खड्डा नाही. सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या बसवून घरं केलेली. पुस्तकातून हे शिकायला पोरांना वर्ष लागतं. तुमची लेक पत्र्याच्या कडेवर बोट फिरवून सांगेल.

आता पोटाचं. युरोपातल्या मध्ययुगीन मीनाकामाची नोकरी म्हणून भारतात शोधायला गेलात तर मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मिळते ती संग्रहालयात, धातूच्या वस्तूंच्या जतनात, लिलावघरांत, शिकवण्यात. जागा थोड्या, सुरुवातीचा पगार बेताचा. म्हणून दार रुंद ठेवा. बी.ए.नंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला संग्रहालयशास्त्र व जतनाचा पदविका अभ्यासक्रम, बडोद्याला एम.ए. संग्रहालयशास्त्र, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व; यातलं एक धरावं. जतनाकडे वळायचं असेल तर रसायनशास्त्राची तयारी आत्तापासून हवी, इतिहासाची मुलं नेमकी तिथं अडतात. पुढे ब्रिटनला जायचं ठरलं, तर वारसा-जतनासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत असते. पण ते पुढचं पुढे.

बी.एड. पळून जात नाही, पदवीनंतर केव्हाही करता येईल. आत्ता दोन वर्षं अरबीच्या वर्गाला जाऊ द्या.

आणि या दिवाळीत तिला दुकानात बसवू नका, भट्टीपाशी बसवा. तांब्याचा बोटभर तुकडा द्या, तो तिनंच कोरावा, भरावा, भाजावा. खरा मीना सुमारे ७५० ते ८५० अंशांवर वितळतो, तेव्हा शेजारी एखादा जुना कारागीर असू द्या. पहिल्या तुकड्याला तडा जाण्याचीच शक्यता जास्त. तो फेकू नका. वहीत चिकटवून, तडा का गेला ते तिच्या शब्दांत लिहायला सांगा. त्या पानाचा फोटो मला पाठवा.