वाचकांचे प्रश्न : आपल्याच गावात पहिले एकल प्रदर्शन

प्रश्न : मी कोल्हापूरची असून जलरंगात निसर्गचित्रे करते. गावातल्या पहिल्या एकल प्रदर्शनात रंकाळा, पंचगंगेचा घाट अशी सर्वांच्या परिचयाची ठिकाणे मांडावीत का, आणि चित्रांची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : जरूर मांडावीत. चित्रकार आबालाल रहमान यांनी ज्या गावात हाच रंकाळा आणि हीच पंचगंगा आयुष्यभर रंगवली, तेथील प्रेक्षक घाटाच्या पायरीवरचे सकाळचे ऊन चित्रात नेमके ओळखतो, आणि ते चुकले असेल तर तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. ही कसोटी मला परगावच्या कौतुकापेक्षा मोलाची वाटते. मात्र एकाच जागेची चार-पाच चित्रे वेगवेगळ्या प्रहरांची असतील तर ती शेजारी-शेजारी लावा, म्हणजे ओळखीच्या जागेकडे आपण कसे पाहिले हे प्रेक्षकाला उमगेल.

जलरंग उन्हाने फिके पडतात, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. चित्राचा कागद काचेला चिकटू नये यासाठी मध्ये आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) हवाच, कारण दमट हवेत तेथे बुरशी धरते. याच कारणाने कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्रदर्शन भरवू नका. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.