गाडी दामटायची असेल तर क्लच कोणता?

आधी इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, बघ. ट्यूनिंग केलेलं नसेल तर चांगली ऑर्गॅनिक (तंतू-रेझिनच्या अस्तराची) क्लच प्लेट पुरते. सिरॅमिक प्लेट उष्णता जास्त सोसते हे खरं, पण ती एकदम पकडते, ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच सरकवताना असे हिसके बसतात की शेजारचा विचारेल, "नवीन शिकतोयस का?" क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट कडक घेतलीस तर पेडलही जड होणार, हे धरून चाल.

क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवीनच टाक, तिथे कंजुषी नको. फ्लायव्हीलवर (इंजिनची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) निळसर डाग किंवा केसाएवढ्या भेगा आहेत का, ते चांगल्या उजेडात बघ. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर नवी प्लेटही घसरणारच. बसवल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर मात्र सबुरीने.