पेडलबोर्डसाठी रिचार्जेबल सप्लाय: एमएएचच्या आधी आउटपुट पाहा

आपल्या गिटारच्या पेडलबोर्डवर (आवाज बदलणारी पेडल एकत्र बसवलेला पाट) बॉसचा टीयू-3 ट्यूनर, आयबानेझचा टीएस9 ओव्हरड्राइव्ह, बॉसचा डीडी-7 डिले आणि स्ट्रायमनचा बिगस्काय रिव्हर्ब आहेत. दहा हजार एमएएचची (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) पॉवर बँक आणि 9 व्होल्टची केबल चार तासांच्या कार्यक्रमाला पुरेल का, आणि जनरेटरवर वाजवताना येणारी गुणगुण त्यामुळे जाईल का, असे आपण विचारले आहे. ती पुरेल, गुणगुणीबद्दल मात्र मी तितकी खात्री देणार नाही.

पॉवर बँकेवर छापलेले एमएएच आतल्या लिथियम सेलच्या सुमारे 3.7 व्होल्टला मोजलेले असतात, पेडलच्या 9 व्होल्टला नाही. त्यामुळे हिशेब वॅट-तासांत करावा: 10,000 एमएएच म्हणजे 37 वॅट-तास, आणि व्होल्टेज वाढवताना होणारी घट धरता हाती साधारण 28 ते 30 उरतात. आपला ट्यूनर प्रखर उजेडावर 85 मिलीअँपिअर घेतो, ओव्हरड्राइव्ह 10 च्या आत, डिले 60 च्या आसपास, आणि एकट्या रिव्हर्बला 300 लागतात. ही बेरीज 455 मिलीअँपिअर, म्हणजे 9 व्होल्टला जेमतेम 4 वॅट होते. चार तासांना साडेसोळा वॅट-तास लागतील, तेव्हा बँक थोडी जुनी असली तरी अडचण येऊ नये.

आता आवाजाकडे वळू. बॅटरीमुळे ॲडाप्टरमार्गे येणारी मेन्सची (सॉकेटमधल्या विजेची) घाण तुटते, आणि ॲडाप्टर व ॲम्प यांच्यामध्ये तयार होणारा ग्राउंड लूपही (ग्राउंडच्या दोन वाटांनी बनलेले, गुणगुण आणणारे वेटोळे) तुटतो, हे खरे आहे. पण सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारे गिटारवरचे एकेरी वेटोळे) हवेतून जी गुणगुण पकडतो, तिच्याशी सप्लायचा काहीच संबंध नाही. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू फिरून पाहा. दिशेनुसार आवाज कमी-जास्त झाला तर दोष पिकअपकडचा आहे आणि नवा सप्लाय घेऊन तो जाणार नाही.

त्याखेरीज बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डचा स्वतःचाही एक आवाज असतो, ज्याचा उल्लेख विक्रेते सहसा करत नाहीत. एकाच 9 व्होल्टच्या तारेवर सगळी पेडल डेझी चेनने (एकामागोमाग एक, साखळीसारखी) जोडली की डिले आणि रिव्हर्ब यांच्यातील डिजिटल सर्किटांचा गोंगाट सामाईक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हपर्यंत पोहोचतो, आणि ओव्हरड्राइव्ह तो इमानेइतबारे मोठा करून ॲम्पकडे पाठवतो. बारीक शिट्टीसारखा आवाज येतो तो बहुधा हाच, आणि त्यात पॉवर बँकेतील कन्व्हर्टरच्या स्विचिंगचीही भर पडते. म्हणून माझा आग्रह आयसोलेटेड (एकमेकांशी ग्राउंडनेही न जोडलेल्या) आउटपुटचा आहे, निदान दोन्ही डिजिटल पेडलना तरी. मिशन इंजिनिअरिंगचा 529 या प्रकारचा आहे: त्यात बॅटरी नाही, तो यूएसबी पॉवर बँकेतून वीज घेऊन वेगवेगळे आयसोलेटेड आउटपुट देतो, त्यामुळे सेल म्हातारे झाले की फक्त बँक बदलावी लागते. कोणताही सप्लाय घेताना एकूण क्षमतेपेक्षा प्रत्येक आउटपुटचा आकडा वाचावा. 100 मिलीअँपिअरच्या आउटपुटवर आपला रिव्हर्ब चालणार नाही.

साधी पॉवर बँक व पीडी ट्रिगर केबल (यूएसबी बँकेकडून 9 व्होल्ट मागून घेणारी केबल) हा स्वस्त मार्गही चालतो, पण त्यात तीन खाचाखोचा आहेत. बँक 9 व्होल्ट देते याची खात्री तिच्यावरील छापील माहिती वाचून करावी. पेडलच्या पिनमध्ये मधला भाग ऋण असतो, तर बाजारातील अशा बऱ्याच केबली राउटरसाठी बनवलेल्या असल्याने त्यांचा मधला भाग धन असतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय जोडू नये. शिवाय एकाहून जास्त पोर्ट असलेल्या अनेक बँका दुसऱ्या पोर्टमध्ये काही घातल्याबरोबर क्षणभर सगळे आउटपुट तोडतात. कुणी मोबाइल चार्जिंगला लावला आणि मधल्या सोलोत बोर्ड बंद पडला, हा प्रसंग आपल्यावर येऊ नये. (फक्त ट्यूनर आणि ओव्हरड्राइव्ह चालवणाऱ्यांची अडचण उलटी असते: इतका कमी प्रवाह पाहून काही बँका ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून आपोआप झोपतात.)

पुढे बोर्ड वाढवण्याचा विचार असेल तर दोन अपवाद लक्षात ठेवा. पॉझिटिव्ह ग्राउंडचा (ग्राउंडला धन टोक जोडलेला) जर्मेनियम फझ पेडल इतरांच्या तारेवर जोडला तर सप्लाय शॉर्ट होतो, आणि लाइन 6 चा जुना हिरवा डीएल4 एसी ॲडाप्टरसाठी बनवलेला आहे, इतर पेडलसारखा 9 व्होल्ट डीसीसाठी नाही.

वाजवताना बँक चार्जिंगला लावू नका. चार्जरमार्गे मेन्स पुन्हा बोर्डवर येते आणि बॅटरी घेण्याचा अर्धा हेतू तिथेच संपतो. महिनाभर वापर नसेल तर ती अर्धी चार्ज करून ठेवावी, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, आणि सेल फुगलेला दिसला तर वापर तत्काळ थांबवावा. विमानाने जाताना ती केबिनमध्येच न्यावी लागते. 100 वॅट-तासांची मर्यादा आपल्या 37 पासून दूर आहे.

एका गोष्टीत मात्र बॅटरी काहीच संरक्षण देत नाही. बोर्ड मेन्सपासून सुटला तरी गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्याच असतात. जनरेटरवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये गळती असेल, तर ओठ मायक्रोफोनला लागताच झटका बसू शकतो. मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनला सांगून ॲम्प आणि साउंड सिस्टीम अर्थिंग असलेल्या विजेच्या एकाच बोर्डवरून घ्या, तिसरी पिन काढलेली एक्स्टेन्शन नाकारा, आणि साउंडचेकच्या आधी माइकची जाळी व गिटारच्या तारा यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून पाहा. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी दोष सापडेपर्यंत गिटार गळ्यात घालू नका.