यूपीएस बदलण्याआधी बॅटरी बघ

लाइट जाताच यूपीएस एकदा 'टीं' करून कॉम्प्युटरसकट आडवा होतो ना? मग बहुतेक बॅटरीच गेलीय. १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं चालते, उष्णतेत त्याहून कमी. व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरवर १२.७ दिसले म्हणून हुरळू नकोस. लोड देताच, म्हणजे तिच्यावर काही चालवताच, आकडा धाडकन १० च्या खाली आला तर ती संपली. फुगली असेल तर चार्जच करू नकोस.

आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलायस का? काढ आधी! गरम होताना तो भसकन करंट ओढतो. माझा यूपीएस त्यानेच किंचाळायचा, शिव्या मात्र बॅटरीने खाल्ल्या.

महिन्यातून एकदा फाइली सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद कर, किती मिनिटं टिकतो ते लिहून ठेव.