10 बाय 10 च्या खोलीत हायड्रॉलिक बेड बसेल का?

बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरात 10 बाय 10 ची खोली आहे, सोफा-कम-बेड घ्यावा की 5 बाय साडेसहा फुटी हायड्रॉलिक बेड (गादीसकट झाकण उचलून खाली सामान ठेवायचा पलंग), असं एका वाचकाने विचारलंय. बेडच घ्या, खाली अख्खं सामान मावतं. पायथ्याकडून उचलणारा घ्या, म्हणजे बाजू भिंतीला लावता येते.

झाकण उचलून धरणारे गॅस पंप मात्र गादी ठरल्यावरच निवडा. काथ्याची जड गादी आणि कमी ताकदीचे पंप असले की झाकण वर थांबत नाही, डोक्यावर येतं. हलकी फोमची गादी आणि जोरदार पंप असले तर ते खाली नीट बसत नाही. गादी आणि फळीचं एकत्र वजन सुताराला सांगा.

बेळगावच्या पावसात पार्टिकल बोर्ड फुगतो, स्क्रू सुटतात. आयएस 710 चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) 18 मिमी प्लाय वापरा, कापलेल्या कडा सील करून घ्या. तळ जमिनीपासून 4 इंच वर, बाजूंना इंचभर भोकं हवीतच. नाहीतर आषाढात रजयांना बुरशी धरते.

जागा वाचवायला भिंतीवर घडीचं टेबल लावणार असाल, तर जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत ते नुसत्या प्लगवर टिकत नाही. खाली घडीचा पाय द्या.