राग रक्तातूनच येतो का?

प्रश्न : माझे वडील रागाच्या भरात आईवर हात उगारत आणि ते पाहतच मी मोठा झालो. आता माझे लग्न ठरले आहे. चिडलो की माझा आवाजही त्यांच्यासारखाच चढतो, असे बहीण म्हणते. हा स्वभाव रक्तातच असेल, तर तो बदलता येईल का?

उत्तर : वडिलांकडून तुम्हाला दोन गोष्टी एकत्रच मिळाल्या, त्यांची जनुके आणि त्यांच्या रागाने भारलेले घर, त्यामुळे एका माणसाकडे पाहून त्यांची फोड करता येत नाही. जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, आक्रमकतेबाबत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यातला साधारण निम्मा जनुकीय भेदांशी निगडित असतो. हा अंदाज समूहाविषयीचा आहे. तुमचा निम्मा राग वडिलांचा, असा त्याचा अर्थ होत नाही.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलग्यांविषयीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचे विघटन करणाऱ्या 'मोनोअमाइन ऑक्सिडेज ए' या विकराचे जनुक ज्यांच्यात कमी सक्रिय होते आणि ज्यांचा बालपणी छळही झाला होता, त्यांच्यात मोठेपणी हिंसक वर्तन अधिक आढळले. मात्र तेच जनुक घेऊन जन्मलेल्या, पण छळ वाट्याला न आलेल्या मुलांत तशी वाढ दिसली नाही. पुढच्या सर्वच अभ्यासांत हा परिणाम तितक्या ठळकपणे दिसला नाही, आणि आक्रमकतेमागे अल्प प्रभावाची असंख्य जनुके असतात, असे आज मानले जाते. म्हणून 'हिंसेचे जनुक' हा शब्दप्रयोग मला दिशाभूल करणारा वाटतो.

माझ्या मते तुमच्या बाबतीत अधिक महत्त्वाचे आहे ते तुम्ही घरात शिकलेले. समोरची व्यक्ती घाबरली की भांडण मिटते, हे ज्या मुलाने वर्षानुवर्षे पाहिले, त्याला मतभेद सोडवण्याची दुसरी रीत कुणी दाखवलेलीच नसते. ती मोठेपणीही शिकता येते. छातीत धडधड वाढली, जबडा आवळला गेला की 'अर्ध्या तासाने बोलू' असे सांगून बाजूला व्हावे आणि ठरल्या वेळी खरोखर परत येऊन बोलावे. मद्याने संयम सुटतो, तेव्हा ते टाळावे. लग्नाआधीच समुपदेशकांना भेटावे आणि हा प्रश्न जसा मला विचारलात, तसाच भावी पत्नीपुढेही मांडावा. निर्णय घेण्यापूर्वी हे जाणून घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.